हातभर अंतरावर एक डाग

९ डिसेंबर

ती. ताई,

तुला राग येणार हे ठाऊक असूनच लिहायला बसलो आहे. तेव्हा तो आधीच येऊन जाऊ दे.

तू धुऊन पाठवलेले तीन तागे रंगात घातले आणि तिन्ही वाया गेले. मंजिष्ठेचा लाल इतका सुरेख चढला होता की विणकरकाकांना मुद्दाम बोलावून दाखवणार होतो. वाळत घातल्यावर पाहतो तर फिकट डाग. एखाददुसरा नव्हे, ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभर अंतरावर एक. लोकरीचं तेल जिथे राहतं तिथे रंग धरत नाही, हे मी तुला सांगायला नको. बाबांनी ते तुला आधी शिकवलं आणि मला नंतर.

काकांनी आवाज चढवलेला मी आजवर ऐकला नव्हता, तो परवा ऐकला. त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की ताईचं आता वय झालं, हात आणि नजर पूर्वीसारखी राहिली नाही. यापुढे कापड शहरातल्या यंत्रावर धुऊन घ्यावं असा त्यांचा विचार दिसतो. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला इथे येऊन काय ते ठरवणार आहेत. तुझा धुण्याचा हौद बंद पडावा असं मला वाटत नाही. पण तूही कधीतरी विश्रांती घ्यायला हवीस, नाही का?

तू पाठवलेली मलमाची डबी मिळाल्याचं हिने कळवायला सांगितलं आहे. हिचे हात थंडीत फार फुटतात.

तुझा,
धाकटा

१४ डिसेंबर

चि. रंगमहाराज,

राग येऊन गेला नाही. आला आणि बसला. पाय पसरून बसलाय.

माझं वय झालं म्हणे! तुझ्याहून मी सात वर्षांनी मोठी आहे, आणि ती सात वर्षं तुझी नाकं पुसण्यात गेली. माझ्या नजरेबद्दल काकांना सांगायला तुला कोणी वकीलपत्र दिलं होतं? मला एक ओळ लिहून विचारलं असतंस तर तुझी शाई आटली असती का?

आता ऐक. काकांच्या मागावर लोकर न धुता कातलेलीच येते, कारण तिच्या अंगच्या तेलावर सूत गुळगुळीत निघतं. म्हणजे कापड माझ्याकडे येतं ते तेलात माखूनच. ते तेल काढणं हे माझं काम, आणि एकतीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. सुती कापडाला खळखळून उकळी दिली तरी ते मुकाट सोसतं. लोकरीला उकळी दिली, घुसळलं, की ती आटते आणि तिचं घोंगडं होतं. म्हणून पाणी हाताला चटका बसेल इतपतच. साबण आधी विरघळवायचा, मग कापड सोडायचं. ढवळायचं नाही, दाबायचं. पाणी निवायच्या आत कापड बाहेर, कारण निवलेल्या पाण्यात सुटलेलं तेल पुन्हा कापडावर येऊन बसतं. मग तेवढ्याच गरम पाण्यात खळबळून काढायचं. हे सगळं दोनदा. तेल फार असेल तर तीनदा.

आणि मग परीक्षा. ताग्याच्या दोन्ही टोकांचा आणि मधला असे तीन धागे काढून पाण्यावर सोडते. तेल असेल तर धागा तरंगतो. गेलं असेल तर तळाला जातो. त्या तिन्ही ताग्यांचे नऊच्या नऊ धागे माझ्यासमोर बुडाले. नजर गेली असती तर ते मला दिसले कसे?

आणखी एक. हौदात राहिलेलं तेल मोजूनमापून हातभर अंतरावर बसायला ते काय शाळेतल्या कवायतीला उभं आहे? धुण्यात चूक झाली तर ती कुठेही होते, कशीही होते. डागाचा तुकडा कापून पाठव. माझी चूक निघाली तर मी स्वतः हौद फोडीन, तुझ्या काकांना तसदी नको.

तुझी वय झालेली,
ताई

१९ डिसेंबर

ती. ताई,

तुकडा सोबत पाठवला आहे. डागाच्या बरोबर मध्यावरचा आहे, म्हणजे शंकेला जागा नको.

तू रंगखोलीवर संशय घेणार हे मला वाटलंच होतं. म्हणून आधीच सांगतो. कापड इथे आल्यापासून बाहेर जाईपर्यंत माझ्याशिवाय कोणाचाही हात त्याला लागत नाही. उलगडणं, रंग पक्का बसावा म्हणून तुरटीच्या पाण्यात भिजवणं, पिळणं, रंगात सोडणं, सगळं मी एकटा करतो. घरच्या माणसांनाही मी रंगखोलीत येऊ देत नाही. काका प्रत्येक ताग्याला जी चिठ्ठी लावतात, तिच्यावर धुणारी म्हणून तुझं नाव असतं आणि रंगवणारा म्हणून माझं. तिसरं नाव नाही. म्हणजे चूक एकतर तुझी नाहीतर माझी. माझी नाही.

मी रागाने लिहीत नाही. पण तू मला अजून लहान समजतेस हे बरं नव्हे. मी पन्नाशीचा आहे.

तुझा,
धाकटा

२४ डिसेंबर

चि. पन्नाशीच्या बाळा,

तुकडा मिळाला. नीट बघितला. तूही बघायचा होतास, पण तुला काकांकडे चहाड्या करायची घाई.

पहिली गोष्ट, तुझ्याकडचा तागा उलटा करून बघ. वरच्या बाजूला डाग आणि खालच्या बाजूला तुझा लाल कसा छान भरलाय! धुण्यात राहिलेलं तेल धाग्याच्या पोटात असतं, ते दोन्हीकडून दिसतं. हे तेल वरून लागलंय. कापड माझ्याकडून निघाल्यानंतर लागलंय.

दुसरी गोष्ट. अर्धा तुकडा वाटीभर गरम पाण्यात सोडला. वर तवंग आला. बोटावर घेतला, तर तेल लोकरीचंच. काही कातणारे सुताला लावतात ते खायचं तेल नव्हे, ते वेगळं लागतं, वास खवट येतो. हे चिकट, पिवळसर, मऊ. इथे माझंही डोकं चालेनासं झालं, हे कबूल करते. धुतलेल्या कापडावर लोकरीचं तेल वरून कोण लावेल?

माझा संशय तुझ्या मिशांवर आहे. हसू नकोस. त्या वळवायला तू काय चोपडतोस? आणि डोक्याला? एकट्याचाच हात कापडाला लागतो म्हणतोस, तर हात तुझेच. तेच डोक्यावरून फिरवायचे, मिशीला पीळ द्यायचा, आणि तेच कापडावर. लहानपणी तू पाटीवर असेच ठसे उमटवायचास, आणि मार मला बसायचा.

एवढ्याशा तुकड्यावरून काही कळत नाही. अख्खा डाग पाठव, कडेच्या लालासकट. आणि मी सांगेपर्यंत काकांशी एक शब्द बोलायचा नाही.

ताई

१ जानेवारी

ती. ताई,

मिशांना मी काहीही लावत नाही. साधं पाणी लावतो.

तू स्वतःची चूक माझ्या तोंडाला पुसतेस, याचं वाईट वाटलं. काकांना मी कळवलं आहे की यंत्राचं नक्की करायला हरकत नाही. वीस तारीख ही आता नुसती सही करण्यापुरती उरली आहे. आणखी कापड कापून पाठवणार नाही. माझ्याकडून विषय संपला.

धाकटा

४ जानेवारी

ती. वन्संना नमस्कार.

हे पत्र लिहिल्याचं यांना ठाऊक नाही. ताग्याचा हातभर तुकडा सोबत पाठवत आहे, त्यात एक पुरा डाग आहे. तागा तसाही कोपऱ्यात पडून होता. तुमचं पत्र वाचून हे आरशासमोर बराच वेळ उभे होते.

वन्सं, तुमच्या धुण्यात खोट असेल असं मला वाटत नाही. कापड तुमच्याकडून आलं की हाताला कसं कोरडं आणि हलकं लागतं! मला वाटतं आमच्या विहिरीच्या पाण्याचाच काही दोष असेल. मला रंगातलं फार कळत नाही. मी फक्त ताग्याच्या घड्या मेजावर उलगडते, तुरटीच्या पाण्यात बुडवते, पिळून काढते आणि दोरीवर घालते. रंग किती, कधी, हे सगळं हेच बघतात. काका यायचे असले की मग उलगडायलाही हेच उभे राहतात.

तुमच्या मलमाने मात्र कमाल केली. तुरटीने माझी बोटं अशी चिरायची की चपातीचं पीठ मळताना पाणी यायचं डोळ्यांत. आता भेगा भरत आल्या. डबी मी पदरालाच बांधून ठेवते आणि सकाळी कामाला लागण्याआधी एकदा, मग मध्ये जमेल तसं तीनचारदा लावते. संपत आली आहे. आणखी एक पाठवाल का? तेवढीच मागायची होती.

तुमची,
भावजय

९ जानेवारी

चि. सौ. वहिनीबाई,

तुझं पत्र वाचलं आणि हौदाच्या कडेवर बसून राहिले. बंबातलं पाणी उतू गेलं तरी उठले नाही.

ते मलम कशाचं असतं, हे तुला मी कधी सांगितलंच नाही. धुण्याच्या पाण्यावर साय धरते ना, तीच गोळा करते, मिठाच्या पाण्यात उकळते, चारदा गाळते, थोडं मधमाशीचं मेण घालते. म्हणजे लोकरीचं तेल. काकांच्या कापडातून मी जे मरमरून काढते तेच डबीत भरून तुला पाठवलं, आणि तू ते हाताला लावून त्याच कापडावर परत ठेवलंस. एकतीस वर्षांत माझ्या धुण्याला कोणी नाव ठेवू शकलं नाही. शेवटी मीच माझं धुणं बिघडवलं, टपालाने!

तू पाठवलेला तुकडा पुढ्यात आहे. तो डाग नाहीच. तो पंजा आहे. डावा हात कापडावर दाबून उजव्याने तागा सरकवायचा, मग पुन्हा डावा पुढे. म्हणून हातभर अंतरावर एक. चार बोटं, अंगठा, तळवा, सगळं स्पष्ट. आणि करंगळी मध्येच बाहेरच्या बाजूला वळलेली.

ती करंगळी दारात सापडली असं मला माझ्या भावाने सांगितलं होतं. आठ वर्षांपूर्वी. मी तुला बघायला आले तेव्हा तूही मान हलवलीस. वहिनी, दारात सापडलेलं बोट असं वळत नाही. कापड पिळायच्या दोन रुळांत सापडलेलं वळतं. आमच्या बाबांचंही तसंच वळलं होतं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, आणि माझ्या नजरेचा मला एवढा ताठा!

"माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नाही" असं त्याने मला लिहून दिलंय. सहीनिशी. तुझ्या दोन हातांनी तो खोली चालवतो, आणि ते हात या घरात आहेत हेच त्याला ठाऊक नाही. मला इतका संताप आलाय की आज दिवसभर कापडाला हात लावला नाही, उगाच आटायचं.

पण आता पेच असा आहे. हा पंजा मी वीस तारखेला काकांपुढे ठेवला तर हौद वाचतो, पण सगळे म्हणणार, हिने तागे नासवले. तुला घरात काय ऐकून घ्यावं लागेल ते मी जाणते. तेव्हा मी काही बोलणार नाही. हौद जायचा तर जाऊ दे. तू माझ्या मलमावर विश्वास ठेवलास, त्यात तुझा काय गुन्हा?

दुसरी डबी पाठवलीय. काम उरकल्यावरच लाव, आणि सकाळी कापडाला हात लावण्याआधी गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धू. हातालाही कापडाचाच नियम.

तुझी,
वन्सं

१३ जानेवारी

ती. वन्सं,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा राग आला, आणि माफ करा, तो तुमचाही आला.

तुम्ही माझ्यासाठी गप्प राहणार म्हणता. इतकी वर्षं मीही गप्पच आहे. बारा वर्षं झाली मी त्या तुरटीत हात घालते. पहिल्याच वर्षी हे म्हणाले, काकांना सांगायला नको, बायकोला राबवतो असं दिसेल. मला ते पटलं. करंगळी रुळात गेली तेव्हा हे म्हणाले, दारात सापडली म्हणू. मला तेही पटलं. तुम्हा बहीणभावाची सगळी पत्रं मी वाचली आहेत, हे ती मेजावर उघडीच टाकतात. कापडाच्या अंगावर तेल आहे की नाही यावरून तुम्ही दोघं महिनाभर भांडलात. माझ्या अंगावर कातडं आहे की नाही हे कोणी विचारलं नाही. डबी पाठवलीत ती तुम्ही एकट्यांनी, म्हणून तुमच्यावरचा राग लगेच गेला.

पण गप्प राहू नका म्हणणार नाही. मीच गप्प राहणार नाही. तुमचा हौद माझ्या हातामुळे बंद पडला, तर उद्या या हातांची चपातीसुद्धा गोड लागणार नाही मला.

भावजय

२१ जानेवारी

ती. वन्सं,

काल काका आले. हे मेजाशी उभे राहून सांगत होते की यंत्राचं पाणी कसं एकसारखं असतं, आणि ताईने आता आराम करावा. मी कोपऱ्यातला तागा आणला आणि त्यांच्या पुढ्यात उलगडला. रंगखोलीत मी काकांसमोर पहिल्यांदाच आले. हे म्हणाले, "तू इथे काय करतेस?"

मी म्हटलं, "रोज जे करते तेच. जरा तुमचा डावा हात या डागावर ठेवा."

त्यांनी ठेवला, का कोण जाणे. काका बघत होते म्हणून असेल. यांच्या पंजाखाली डाग पुरता झाकला गेला आणि चारी बाजूंनी हात बाहेर उरला. मग मी माझा ठेवला. बोटावर बोट बसलं, वन्सं. करंगळीसुद्धा.

काकांनी वाकून डाग पाहिला. मग त्यांनी माझा हात धरून पालथा केला, उताणा केला आणि विचारलं, "किती वर्षं?" मी सांगितलं. मलमाचंही सांगितलं, चूक माझी, धुणाऱ्या वन्संची नव्हे, असं स्वच्छ सांगितलं. काका म्हणाले, "चूक ज्याने हे हात लपवले त्याची. लपवले नसते तर पहिल्या दिवशीच कळलं असतं." यंत्राचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. तिन्ही तागे तुमच्याकडे परत धुवायला येतील. आणि खिशातली पेन्सिल काढून त्यांनी ताग्याच्या चिठ्ठीवर रंगवणाऱ्यांच्या जागी यांच्या नावाखाली माझं लिहिलं. आधी मला विचारून घेतलं, कारण त्यांना माझं नावच माहीत नव्हतं.

 मी आज तुरटीत हात घातलेला नाही.

तुमची,
भावजय

२ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझ्या धुण्यात चूक नव्हती. काकांना मी तसं लिहून दिलं आहे, आणि नजरेबद्दल बोललो ते परत घेतलं आहे. तू खूश हो.

हिने सध्या तुरटीचं काम सोडलं आहे. म्हणते, आधी मला नीट विचारा. म्हणून गेले बारा दिवस मीच करतो आहे. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. चौथ्या दिवशी बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. काल पिळताना रक्त आलं आणि ताग्याच्या कडेला लागलं. रात्री तुरटीची आग थांबत नाही. हे इतकं होतं याची मला कल्पना नव्हती.

एक डबी पाठवशील का? लवकर पाठव.

तुझा,
धाकटा

६ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तिन्ही तागे धुऊन पाठवलेत. माझंच तेल मी दुसऱ्यांदा काढलं, धागे पुन्हा नऊच्या नऊ बुडाले. पुन्हा लाल दे, या खेपेस धरेल.

कल्पना नव्हती म्हणतोस. बारा वर्षं तिच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवलास, आणि कल्पना नव्हती? वाढताना पुढे आलेला तिचा चिरलेला हात तुला कधी दिसला नाही?

डब्या आहेत. चार भरल्यात, आज टपालात टाकल्या. पण तुझ्या नावाने नाहीत, तिच्या नावाने. हवी असेल तर तिच्याकडे माग. आणि मागताना आधी तिचे हात बघ, मग तोंड उघड.

ताई